उघड्या दाराची प्रार्थना : पंडिता रमाबाईंचे श्रद्धाजीवन

१८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पुण्यातील शारदा सदनात रोज सकाळी एक साधी गोष्ट घडत असे. सदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई आपल्या खोलीत बसून लहानग्या मनोरमेसह बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या लावून घेत नसत. सदनातील काही मुली, बहुतेक बालविधवा, कुतूहलाने दाराशी येऊन उभ्या राहत आणि मग आत येऊन बसत. त्यांना कोणी बोलावीत नसे, कोणी घालवूनही देत नसे. या एवढ्याशा गोष्टीवरून १८९३मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, सल्लागार मंडळावरील न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक बाजूला झाले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर वादाचे निम्मे कारण तरी उरले नसते. रमाबाईंनी ते लावले नाही.

हा निव्वळ हट्ट होता असे म्हणणे सोपे आहे. पण रमाबाईंचा धर्मप्रवास पाहिला की त्या दाराचा अर्थ निराळा लागतो. बंद दारांशी त्यांची ओळख जन्माआधीपासूनची होती.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवायला घेतले, तेव्हा आप्तांनी आणि जातभाईंनी इतका विरोध केला की त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे शास्त्राधार मांडून आपली बाजू पटवून द्यावी लागली. तरीही गावात राहणे अवघड झाले आणि शास्त्रीबुवांनी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्या सहा महिन्यांच्या असताना आश्रम मोडला. वेताच्या पेटाऱ्यात घातलेल्या तान्ह्या मुलीसह हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि पुढची पंधरा-सोळा वर्षे पुराणे सांगत भारतभर फिरत राहिले. लक्ष्मीबाईंनी चालता-थांबता लेकीला संस्कृत शिकवले. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला मुखोद्गत झाले.

१८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. होते नव्हते ते द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपलेले. अंगमेहनतीची मजुरी करणे पंडिताच्या घराला कमीपणाचे वाटणारे. उपासमारीने आधी वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, मागोमाग थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, हजारो मैल पायी तुडवीत १८७८मध्ये कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांच्या या अविवाहित मुलीचे संस्कृत वक्तृत्व ऐकून तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

ख्रिस्ती उपासना त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती याच शहरात. भावंडांना एका मेळाव्याचे निमंत्रण होते. जमलेले लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकताना पाहून, हे खुर्च्यांची पूजा करीत आहेत अशी त्या दोघांची समजूत झाली! निघताना त्यांच्या हाती संस्कृत बायबल पडले. ते त्यांनी उघडून पाहिले, पण त्यातील संस्कृत कोणत्याही शास्त्रपुराणाशी जुळणारे नव्हते आणि ते वाचणे म्हणजे वेळ दवडणे असे दोघांनाही वाटले. हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी ज्या कामाला वाहिली त्याचे बीज या न वाचलेल्या पुस्तकात सापडते.

कलकत्त्यातच केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांची प्रत देऊन ती वाचण्याचा आग्रह केला. स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने देता यावीत म्हणून त्यांनी धर्मशास्त्रही अभ्यासले. ग्रंथांची आपसांत फारशी एकवाक्यता नाही, स्त्रियांना आणि शूद्रांना कमी लेखण्यात मात्र सगळ्यांचे एकमत आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. पुरोहितांच्या सांगण्यावरून हा निष्कर्ष काढलेला नव्हता. मूळ संहिता वाचून काढला होता. रमाबाईंच्या टीकाकारांना हीच गोष्ट सर्वांत बोचली असावी.

१८८०मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर दुसऱ्या प्रांताचा आणि दुसऱ्या जातीचा. सिल्चरच्या घरात पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. या वेळी भाषा आड आली नाही. ॲलन नावाच्या मिशनऱ्याकडून त्या अधिक समजून घेऊ लागल्या, आणि आपण ख्रिस्ती व्हावे असे त्यांनी बोलून दाखवले तेव्हा मिशनच्या शाळेत शिकलेला पती नाराज झाला. मनोरमेचा जन्म एप्रिल १८८१चा. पुढच्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

पुण्यातील पुढचे वर्ष झपाट्याचे होते. आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हंटर आयोगापुढे स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांच्या गरजेविषयी दिलेली साक्ष. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा राहिला आणि १८८३मध्ये मनोरमा आणि आनंदीबाई भगत यांच्यासह त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकाचा अभ्यास करावा असा बेत होता. वाढत्या बहिरेपणामुळे तो सोडावा लागला.

वॉन्टेज येथील सेंट मेरी भगिनीसंघात त्यांचा मुक्काम होता. या भगिनींनी लंडनच्या फुलम भागात चालवलेले एक गृह त्यांना दाखवण्यात आले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रिया तेथे सन्मानाने राहत होत्या, काम करीत होत्या आणि बऱ्या होऊन इतर रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. असे का करता, या रमाबाईंच्या प्रश्नावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, गावाने टाकलेल्या बाईशी येशू बोलतो, ती कथा. रमाबाईंच्या धर्मांतराची कारणे पुष्कळ सांगितली जातात. नेहेम्या गोरे यांनी घातलेली तात्त्विक समजूतही त्यांत आहे. पण मनाने कौल दिला तो फुलमच्या त्या घरात. शुश्रूषा आधी दिसली, तिच्यामागची श्रद्धा नंतर कळली, हा क्रम त्यांनी पुढे कधीच उलटा होऊ दिला नाही.

त्याच सुमारास वॉन्टेजमध्ये आनंदीबाई भगत यांनी मनःस्थिती ढासळून आत्महत्या केली. परदेशात, परक्यांच्या आश्रयाला असलेल्या दोन मराठी बायकांपैकी एक अशी गेली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात हाहाकार उडाला. आपली पंडिता पाद्र्यांनी पळवली, अशी भावना झाली.

प्रत्यक्षात पाद्र्यांनाच लवकर कळून चुकले की या बाईंना पळवणे शक्य नाही. चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या आश्रयाने रमाबाई शिकू आणि संस्कृत शिकवू लागल्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावे असा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली. तसे केल्यास त्यांच्या देशबांधवांना ते रुचणार नाही, असे कारण पुढे आले. भरसभेत शेकडो पुरुषांपुढे बोललेल्या रमाबाईंना ही काळजी हास्यास्पद वाटली आणि तसे त्यांनी कळवलेही. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला पटेना. इंग्लंडच्या चर्चने घालून दिलेली सगळी विधाने मानलीच पाहिजेत, हे त्यांना मान्य होईना. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे आहेत याचीही त्यांना अडचण होती. आपल्या देशातल्या लोकांना न समजणारी भाषा क्रूसावर का, संस्कृत का नको, असा त्यांचा प्रश्न होता.

त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांनी या सगळ्याला गर्व म्हटले. रमाबाई त्यांना पत्रांतून मायेने आजीबाई म्हणत आणि त्याच पत्रांत त्यांचे म्हणणे मुद्द्यागणिक खोडून काढीत. एका पंथाची गुलामी टाकून दुसऱ्याची पत्करण्यासाठी आपण इथवर आलेलो नाही, हा त्या पत्रव्यवहाराचा सूर आहे. ज्या घरात राहतो, जेवतो, त्याच घराला असे उत्तर देणे किती जड जात असेल, हे परमुलखात आश्रयाने राहिलेल्यालाच कळेल. शाकाहार आणि साधी सुती साडी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

१८८६मध्ये त्या अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ पाहण्यासाठी. ११ मार्च रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. समारंभापुरत्या गेलेल्या रमाबाई दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. बालोद्यान शिक्षणपद्धती शिकल्या, गावोगाव भाषणे दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. १८८७मध्ये आलेल्या त्या पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे तिने मान्य केले. अट एकच होती : शाळेत धर्मप्रसार होणार नाही. परतल्यावर रमाबाईंनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक लिहिले. त्यात अमेरिकी स्त्रियांच्या संघटनशक्तीचे मोकळे कौतुक आहे. काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना तेथे मिळणाऱ्या वागणुकीकडेही त्यांनी डोळेझाक केलेली नाही. देणगीदारांच्या देशाविषयी इतके स्पष्ट लिहिणारे लेखक आजही थोडेच आढळतील.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. चार वर्षांनी, पुन्हा ११ मार्चलाच, तिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. रमाबाईंच्या छत्राखाली राहून ती हिंदूच राहिली आणि बाया कर्वे म्हणून महाराष्ट्राला माहीत झाली. कर्व्यांनी पुढे पुण्यात विधवांसाठी जे आश्रम काढले, त्यांच्या मुळाशी शारदा सदनाचा अनुभव होता हे विसरता येत नाही.

सदन १८९०च्या अखेरीस पुण्यास हलले. याच काळात रमाबाईंच्या अंतरंगात मोठा बदल झाला. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला खरा, पण स्वतः ख्रिस्त मिळायचा राहून गेला, अशी जाणीव त्यांना होऊ लागली होती. १८९१च्या सुमारास ती तहान भागली, असे त्यांनी नंतर आपल्या साक्षीत नमूद केले आहे. वॉन्टेजमध्ये सिद्धांतांशी झगडणारी बुद्धी येथे नमली. कोणा धर्मगुरूपुढे ती नमली नव्हती, एवढे मात्र खरे. उघड्या दाराची प्रार्थना या दिवसांतली आहे.

टीकाकारांचा संशय निराधार नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पालकांनी तटस्थतेच्या भरवशावर मुली पाठवल्या होत्या, आणि जिच्यावर मुलींचा जीव जडला आहे अशा संचालिकेची प्रार्थना ही तटस्थ गोष्ट असू शकत नाही. १८९५मध्ये सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तर विरोधकांना आयतेच पुरावे मिळाले. रमाबाईंचे उत्तर असे होते की हिंदू मुलींना आपापली पूजाअर्चा करण्याची मुभा सदनात आहे. मग स्वतःच्या घरात स्वतःची उपासना लपवण्याची सक्ती एकट्या आपल्यावरच का? बॉस्टनच्या मंडळींनी त्यांच्यावरचा विश्वास काढून घेतला नाही. पुण्याचा मात्र कायमचा गेला.

असोसिएशनची दहा वर्षे संपल्यावर सदन स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून पुण्यापासून रेल्वेने जवळ असलेल्या केडगाव येथे शंभरेक एकर जमीन घेतली होती. फळबाग लावावी, उत्पन्न यावे, एवढाच विचार होता. १८९६मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि बागेचे प्रयोजन बदलून गेले.

दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाई स्वतः तेथे गेल्या. मदतकेंद्रांवर त्यांना हाडांचे सापळे झालेली माणसे दिसली, आणि अनाथ मुलींना फसवून विकणारे दलालही. साठवलेला पैसा हाती नव्हता, तरी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग सुरू झाला होता आणि इतक्या जणींना शहरात ठेवण्याची परवानगी नव्हती, म्हणून बिऱ्हाड केडगावच्या उघड्या माळावर गेले. आधी झोपड्या, मग लांबट दगडी इमारती. वस्तीचे नाव मुक्ती. प्लेगच्या छावणीत आपल्या एका मुलीचे जे हाल झाले त्याबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारला जाहीर जाब विचारला. मुंबई सरकारला ते झोंबले. ख्रिस्ती झालेली बाई इंग्रजांच्या बाजूची असणार, हे गृहीत धरणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींचा तेव्हा गोंधळ उडाला असावा.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि मुक्तीची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. या आकड्यामागचा रोजचा प्रपंच डोळ्यांपुढे आणला की रमाबाईंच्या धार्मिक जीवनाचे खरे रूप दिसते. दोन हजार जणींसाठी रोज दोन वेळा धान्य दळायचे, निवडायचे, रांधायचे. खरूज, डोळे येणे, अतिसार यांवर औषधपाणी करायचे. विहिरी खणायच्या, जनावरे सांभाळायची, कपडा विणायचा, तेलाचा घाणा चालवायचा. अंधांसाठी वेगळे घर, ‘बर्तिमी सदन’. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’, फुलमच्या घराची आठवण देणारे. वाचायला लिहायला सगळ्यांनी शिकायचे आणि त्यासोबत एक तरी हातचे काम. वडिलांच्या घरात जी मजुरी अपमानाची ठरली होती, तीच लेकीच्या घरात पहाटेपासून चालू असे. येथे मात्र तटस्थतेची अट उरली नव्हती. मुक्ती उघडउघड ख्रिस्ती होती. भुकेने मरायला टेकलेल्या पोरीला अन्नासोबत धर्मही मिळाला, तर तिची निवड कितपत मोकळी होती, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि अजूनही विचारला जातो. तो टाळता येत नाही. त्या पोरींना न्यायला दुसरे फारसे कोणी पोचले नव्हते, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

जून १९०५मध्ये मुक्तीत मोठे पुनर्जागरण झाले. आधी कित्येक महिने शेकडो मुली दिवसातून दोनदा प्रार्थनेला जमत होत्या. मग एका रात्रीपासून रडणे, पापांची कबुली, थरथरणे, तासन्‌तास चालणारी सामुदायिक प्रार्थना असे सुरू झाले. पाश्चात्त्य ख्रिस्ती शिस्तीत वाढलेल्यांना ते खटकले. रमाबाईंनी ते थांबवले नाही. आपल्या लोकांनी देवापुढे आपल्या रीतीने रडावे-हसावे, परक्या साच्यात बसू नये, अशी त्यांची भूमिका होती. मुक्तीतील सहकारी मिनी ॲब्रम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका चिलीतील वालपारायसो येथे पोचली आणि तेथील पेंटेकोस्टल चळवळीच्या उगमाशी तिचा संबंध जोडला जातो. केडगावचा माळ दक्षिण अमेरिकेच्या धर्मेतिहासात असा जाऊन बसला आहे.

रमाबाई तोवर जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या होत्या. प्रवास थांबला होता. याच काळात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. मराठी बायबल त्यापूर्वीही होते. पण त्याची संस्कृतप्रचुर भाषा मुक्तीतल्या शेतकरी, कुणबी, महार बायकांना कळत नव्हती. संस्कृतसाठी घरदार गमावलेल्या कुटुंबातली ही पंडिता आता एकेक संस्कृत शब्द बाजूला ठेवून खेड्यातल्या बाईला समजेल असा शब्द शोधीत बसली. शब्दाला शब्द नेमका बसवण्याच्या आग्रहाने हे भाषांतर जागोजाग ताठर झाले आहे, आणि महाराष्ट्रातील मंडळ्यांत ते सर्वत्र रुजलेही नाही. तरीही संपूर्ण बायबलचा एकटीच्या बळावर अनुवाद करणाऱ्या स्त्रिया जगाच्या इतिहासात मोजक्याच आहेत. १९१९मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. त्या वेळी टेबलावर जुन्या कराराचे कागद पसरलेले होते.

मुक्तीचा भार मनोरमेवर सोपवायचा होता. तिने अमेरिकेत आणि मुंबईत शिक्षण घेतले होते आणि आईच्या प्रत्येक कामात तिचा हात होता. जुलै १९२१मध्ये, चाळिशी गाठल्यावर, मनोरमा आईच्या आधी गेली. लहानपणी आई, बाप, बहीण, मग भाऊ, नवरा आणि शेवटी एकुलती एक मुलगी, असे एकेक करून सारे घर गेले. रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. एवढे पूर्ण होईपर्यंत दिवस मिळावेत, अशी त्यांची प्रार्थना असल्याचे मुक्तीत सांगितले जाई.

५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. संपूर्ण मराठी बायबल १९२४मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणे, छपाई आणि बांधणी ही कामे दुष्काळातून आणलेल्या मुलींनी आणि स्त्रियांनी केली होती. त्यांतील पुष्कळ जणी केडगावला आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.